लाइव्ह लिनक्सवर वायफाय दिसत नाही? आधी फोनची केबल लावा, मग ड्रायव्हर शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यामुळे घरातला दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप धडधाकट असूनही एकदम 'जुना' झाला. मग कुणीतरी सांगतं, "पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून बघ." तुम्ही मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवता, लॅपटॉप त्यावरून चालू करता. डेस्कटॉप छान येतो, कीबोर्ड चालतो, आवाजही येतो. फक्त कोपऱ्यात वायफायचं चिन्ह नसतं.

आता पेच असा की ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेट मिळायला ड्रायव्हर हवा. इथेच बरेच जण हात टेकतात. "कार्ड गेलंय" असं धरून नवीन कार्डावर पैसे घालतात, नाहीतर लॅपटॉप भंगारात देतात. पण बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. आणि इंटरनेटचं म्हणाल तर काखेत कळसा आणि गावाला वळसा! खिशातला फोनच लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड होऊ शकतो.

या लेखात आपण क्रमाने पाहूया: कार्ड का चालत नाही, फोनवरून इंटरनेट कसं घ्यायचं, कार्ड कुठल्या कंपनीचं आहे हे कसं ओळखायचं आणि कुठल्या कार्डाला काय उपाय.

(एक सूचना: लेखातल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या स्मॉल इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. जिथे अक्षरं सुटी लिहिली आहेत तिथे मध्ये जागा सोडायची नाही. 'डॅश' लिहिलंय तिथे आडवी रेघ द्यायची.)

लाइव्ह सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवरून उचललं जातं आणि रॅममध्ये चालतं. हार्ड डिस्कला ते हात लावत नाही. म्हणून विंडोज न पुसता सगळं तपासून घ्यायला ही उत्तम सोय आहे. पण याच्या दोन बाजू लक्षात ठेवा.

पहिली, तुम्ही टाकलेला ड्रायव्हर रॅममध्ये राहतो. लॅपटॉप रीस्टार्ट केला की तो गेला. (पेनड्राइव्ह बनवताना 'पर्सिस्टन्स' चालू केलं असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणून "ड्रायव्हर टाका आणि रीस्टार्ट करा" हा सल्ला लाइव्हवर उपयोगाचा नाही. इथे ड्रायव्हर रीस्टार्ट न करताच चालू करावा लागतो.

दुसरी, जागा कमी असते. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर नवीन गोष्टी टाकायला साधारण दोन जीबीच मिळतात. म्हणून लाइव्हमध्ये 'सगळं अपडेट करा' असं बटण दिसलं तरी दाबू नका. जागा भरेल, सिस्टीम अडकेल, आणि नवीन आलेला कर्नल रीस्टार्टशिवाय वापरताही येणार नाही.

कार्ड का चालत नाही?

वायफाय कार्डाला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला कार्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम. दुसरं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चढवायची फाइल. ड्रायव्हर असून फर्मवेअर नसेल तरी कार्ड गप्पच बसतं.

लिनक्समधले बरेचसे ड्रायव्हर खुले आहेत, पण फर्मवेअर बहुधा कंपनीच्या मालकीचं असतं. डेबियनसारख्या प्रकल्पांनी तत्त्व म्हणून अशी फाइल अनेक वर्षं आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवलीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर सोबतच मिळू लागलं. तुमच्याकडे त्याआधीची जुनी आयएसओ फाइल असेल, तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नवीन आयएसओ उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवणं.

ब्रॉडकॉमची गोष्ट वेगळी. या कंपनीने सुरुवातीला लिनक्सला कार्डाची माहितीच दिली नाही. शेवटी प्रोग्रामर मंडळींनी कार्ड कसं चालतं ते उलटं उलगडून २००५ च्या सुमारास स्वतः ड्रायव्हर बनवला. कंपनीने २०१० मध्ये काही कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण सगळ्या कार्डांसाठी नाही. म्हणून आजही जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम निघालं की थोडी मेहनत पडते.

पहिली पाच मिनिटं: या तीन गोष्टी आधी बघा

१. बटण. काही जुन्या लॅपटॉपना कडेला वायफायचा सरकता स्विच असतो, काहींना कीबोर्डवर एफएन बरोबर दाबायचं बटण. टर्मिनल उघडून 'आर-एफ-किल' लिहा आणि एंटर दाबा. यादीत 'सॉफ्ट' या रकान्यात 'ब्लॉक्ड' दिसलं तर 'सुडो आर-एफ-किल अनब्लॉक ऑल' ही कमांड द्या. 'हार्ड' या रकान्यात ब्लॉक्ड असेल तर कमांडने काही होणार नाही, खरंखुरं बटणच दाबावं लागेल. लेनोव्होच्या काही मॉडेलमध्ये बटणच नसतं, तरी हार्ड ब्लॉक दिसतो. तिथे 'सुडो मॉडप्रोब डॅश-आर आयडियापॅड अंडरस्कोअर लॅपटॉप' ही कमांड देऊन पाहा.

२. विंडोजचं फास्ट स्टार्टअप. हे चालू असेल तर विंडोज 'शट डाउन' म्हटलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. काही वेळा कार्डही त्या झोपेतच राहतं. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरा, मग शट डाउन करा आणि नंतर पेनड्राइव्हवरून चालू करा.

३. एअरप्लेन मोड. हसू नका, कीबोर्डवर चुकून बोट लागून तो चालू झालेला असतो!

फोनची यादी आणि लॅपटॉपची यादी शेजारी ठेवा

काळाचौकीसारख्या दाट वस्तीत तपासणीची एक फुकट सोय असते. अभ्युदय नगरमधल्या एखाद्या खोलीत फोनचं वायफाय उघडलं तर आजूबाजूच्या बिऱ्हाडांची नेटवर्कं एकाखाली एक दिसतात. तीच यादी लॅपटॉपवर उघडा आणि फोनशी ताडून बघा. फरक कसा आहे यावरून दोष कळतो.

लॅपटॉपवर एकही नेटवर्क नाही, वायफायचा पर्यायच नाही: ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नाही. पुढचे भाग तुमच्यासाठी.

फक्त एक-दोन जवळची नेटवर्कं दिसतात, तीही कमी दांड्यांची: ड्रायव्हर आहे, पण अँटेनाचा घोळ आहे. याचा उपाय खाली रिअलटेकमध्ये दिला आहे.

बरीच दिसतात, पण नेमका तुमच्या फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही: जुनी कार्डं बरेचदा फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात आणि नवे फोन हॉटस्पॉट ५ गीगाहर्ट्झवर देतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोनवर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

घरचा राउटर सोडून सगळ्यांचे दिसतात: राउटर बारा किंवा तेरा नंबरच्या चॅनलवर असू शकतो. भारतात २.४ गीगाहर्ट्झचे १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण अमेरिकेत सहसा अकरापर्यंतच वापरतात, आणि तिथल्या हिशेबाने सेट केलेलं कार्ड पुढचे चॅनल ऐकत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करा.

दिसतं, पासवर्डही बरोबर आहे, पण जोडलं जात नाही: सुरक्षा 'डब्ल्यूपीए ३' वर असेल तर जुन्या कार्डाला ती झेपत नाही. हॉटस्पॉटवर 'डब्ल्यूपीए २' निवडा.

आता फोन केबलने जोडा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' उघडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बस्स! लिनक्सला वाटतं की नेटवर्कची वायर जोडली आहे, आणि काही सेकंदांत 'वायर्ड कनेक्शन' दिसू लागतं. यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो.

काही बारकावे:

'यूएसबी टेदरिंग' हा पर्याय फिकट दिसत असेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे. डेटा जाणारी केबल घ्या, शक्यतो फोनबरोबर आलेली.

फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात. म्हणजे मोबाइल डेटा खर्च होत नाही. घरी वायफाय नसेल तर मोबाइल डेटा वापरला जातो. एक ड्रायव्हर टाकायला फार डेटा लागत नाही, पण लाइव्हमध्ये सगळं अपडेट करत बसलात तर दिवसाचा पॅक संपेल.

आयफोन असेल तर 'पर्सनल हॉटस्पॉट' चालू करा, केबल लावा आणि फोनवर 'ट्रस्ट' विचारेल तेव्हा हो म्हणा.

आज परीक्षेचा किंवा नोकरीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल तर इथेच थांबा. इंटरनेट चालू झालंय, आधी फॉर्म भरा. वायफायचं उद्या बघता येईल.

कार्ड ओळखा

लॅपटॉपच्या कंपनीवरून कार्ड कळत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात. म्हणून "माझा डेल आहे, काय करू?" या प्रश्नाला नेमकं उत्तर नसतं.

टर्मिनलमध्ये 'एल-एस-पी-सी-आय डॅश-एन-एन-के' ही कमांड द्या. लांब यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' असं लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात दोन भागांचा नंबर असतो. पहिला भाग कंपनीचा:

१४ई४: ब्रॉडकॉम
८०८६: इंटेल
१०ईसी: रिअलटेक
१६८सी: क्वालकॉम अथेरॉस
१४सी३: मीडियाटेक

त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का बघा. नसेल तर ड्रायव्हर लागलेलाच नाही. असेल आणि तरी वायफाय नसेल तर 'सुडो डी-एम-ई-एस-जी' द्या आणि येणाऱ्या मजकुरात 'फर्मवेअर' शब्द शोधा. तिथे 'फेल्ड' दिसलं तर कुठली फाइल कमी आहे तिचं नावही तिथेच असतं.

कार्ड बाहेरून यूएसबीला लावलेलं असेल तर 'एल-एस-यू-एस-बी' ही कमांड वापरा. यूएसबीमध्ये रिअलटेकचा नंबर ०बीडीए असतो.

आणि यादीत वायफायची ओळच नसेल, आर-एफ-किलमध्येही काही नसेल, विंडोजमध्येही कार्ड दिसत नसेल, तरच "कार्ड गेलंय" ही शंका घ्या. तेव्हाही आधी कार्ड सैल झालंय का हे तपासून घ्या.

कुठल्या कार्डाला काय उपाय?

इंटेल: याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. चालत नसेल तर कार्ड नवं आणि आयएसओ जुनी, असं सहसा असतं. नवीन आयएसओ घ्या.

अथेरॉस: जुनी अथेरॉस कार्डं लिनक्सवर सगळ्यात कमी त्रास देतात. बहुतेक वेळा बटणाचाच प्रश्न असतो.

मीडियाटेक: नव्या लॅपटॉपमधलं एमटी ७९२१ हे कार्ड कर्नल ५.१२ पासून चालतं. तुमचा कर्नल कुठला ते 'यू-नेम डॅश-आर' या कमांडने कळतं.

रिअलटेक: आरटीएल ८८२१ सीई हे कार्ड कर्नल ५.९ पासून सोबतच्या ड्रायव्हरवर चालतं. इथेही नवीन आयएसओ हाच सोपा मार्ग. आरटीएल ८७२३ बीई मध्ये मात्र वेगळी गंमत आहे. काही लॅपटॉपमध्ये एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमका दुसऱ्या टोकाला कान लावून बसतो. म्हणून फक्त त्याच खोलीतला राउटर दिसतो. आधी 'सुडो मॉडप्रोब डॅश-आर आर-टी-एल-८७२३-बी-ई' देऊन ड्रायव्हर काढा. मग 'सुडो मॉडप्रोब आर-टी-एल-८७२३-बी-ई ए-एन-टी अंडरस्कोअर एस-ई-एल बरोबरचं चिन्ह २' असा परत लावा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ देऊन बघा. (आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.)

ब्रॉडकॉम: जुन्या लॅपटॉपमध्ये बीसीएम ४३१३, बीसीएम ४३१४२ अशी कार्डं निघतात. बीसीएम ४३१४२ ला कंपनीचा 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हरच लागतो.

मिंटवर सोपं आहे. मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. तो ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दाखवेल. ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच असतो, त्यामुळे इंटरनेट नसतानाही तो टाकता येतो. उबुंटूवर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा. तिथे काही दिसलं नाही तर फोन जोडलेला ठेवून 'सुडो ए-पी-टी अपडेट' द्या आणि मग 'सुडो ए-पी-टी इन्स्टॉल बी-सी-एम-डब्ल्यू-एल डॅश कर्नल डॅश सोर्स' द्या. डेबियनवर पॅकेजचं नाव 'ब्रॉडकॉम डॅश एस-टी-ए डॅश डी-के-एम-एस' असं आहे.

हा ड्रायव्हर तुमच्या चालू कर्नलसाठी जागेवरच तयार होतो. त्यासाठी त्याच कर्नलचे 'हेडर्स' लागतात. यू-नेम ने दाखवलेला नंबर आणि हेडर्सचा नंबर तंतोतंत सारखा हवा. हेडर्स मिळत नसतील तर तुमची आयएसओ जुनी झालीय, नवीन घ्या.

टाकून झाल्यावर रीस्टार्ट करू नका. आधी मधे येणारे जुने ड्रायव्हर काढा: 'सुडो मॉडप्रोब डॅश-आर बी-४३', मग तसंच 'बी-सी-एम-ए', 'एस-एस-बी' आणि 'बी-आर-सी-एम-एस-एम-ए-सी'. "सापडलं नाही" असा मेसेज आला तर घाबरू नका, तो ड्रायव्हर चालू नव्हता एवढाच त्याचा अर्थ. शेवटी 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यू-एल'. काही सेकंद थांबा, नेटवर्कची यादी यायला हवी.

सिक्युअर बूट आडवं आलं तर

शेवटच्या कमांडला 'की वॉज रिजेक्टेड' असं उत्तर आलं तर सिक्युअर बूट चालू आहे. जागेवर तयार केलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसते, म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही. सहीची नोंद करायला रीस्टार्ट लागतो आणि लाइव्हमध्ये रीस्टार्ट म्हणजे सगळं पुसलं जाणं. त्यामुळे तपासणीपुरतं बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हाच व्यवहारी उपाय.

पण थांबा! विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर हे सेटिंग बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ अंकी की आधी लिहून ठेवा, मगच बायॉसला हात लावा. की नसेल तर आतला डेटा मिळणार नाही.

वायफाय जोडलं, पण साइट उघडत नाहीत?

जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो. मग तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित ठरवतो. ड्रायव्हर डाउनलोड होतानाही एरर येते. आधी वरची तारीख-वेळ बघा, चुकीची असेल तर नीट करा. ड्रायव्हरला विनाकारण दोष देऊ नका.

शेवटचा पर्याय: यूएसबी वायफाय

काहीच जमलं नाही तर छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या. काळाचौकीकरांना ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, काही लांब नाही. पण दुकानात खोक्यावरचं नाव बघून घेऊ नका, आतली चिप विचारा. उदाहरणार्थ, टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर ९२७१ चिप होती आणि ती लिनक्सवर छान चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली. खोक्यावर आवृत्तीचा नंबर छापलेला असतो. स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये मीडियाटेकची एमटी ७६०१ यू चिप असेल तर ती कर्नल ४.२ पासून चालते.

काही अडॅप्टर लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये त्या 'सीडी'ला इजेक्ट करा, मग तो वायफाय म्हणून जागा होतो.

शक्य असेल तर पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर न्या, दुकानात लावून बघा आणि मगच पैसे द्या.

इन्स्टॉल करण्याआधी

लाइव्हवर वायफाय चालू झालं म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स नांदू शकतं हे नक्की झालं. कुठला उपाय लागू पडला ते कागदावर लिहून ठेवा, कारण इन्स्टॉल केल्यावर तो पुन्हा एकदा करावा लागेल, पण या वेळी कायमचा. उबुंटू इन्स्टॉल करताना 'थर्ड पार्टी सॉफ्टवेअर' या पर्यायावर खूण करा, फोन केबलने जोडलेला ठेवा, म्हणजे बरेचदा ड्रायव्हर आपोआप बसतो. आणि डिस्क पुसण्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करायला विसरू नका.

लिनक्स मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी व्हिडिओ मोफत आहेत.

मदत मागताना मात्र "वायफाय चालत नाही" एवढंच लिहू नका. कार्डाचा दोन भागांचा नंबर, यू-नेमचं उत्तर आणि आयएसओचं नाव, या तीन गोष्टी लिहा. तेवढ्यावर जाणकाराला नेमका उपाय सांगता येतो. घरात किंवा शेजारी कुणी जुना लॅपटॉप भंगारात द्यायला निघालं असेल, तर त्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा!